स्लीमनचे दप्तर

१८२२ ते १८२४ या काळात नर्मदाकाठच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार विल्यम हेन्री स्लीमन नावाच्या एका तिशीतल्या इंग्रज अधिकाऱ्याकडे होता. आपल्या जिल्ह्यात साधी चोरी झाली तरी ती आपल्या कानावर येते आणि इथला प्रत्येक सराईत चोर आपल्याला ठाऊक आहे, असा त्याचा विश्वास होता. पुढे काही वर्षांनी त्याच्यासमोर पकडून आणलेल्या माणसांनी सांगितले, की त्याच काळात खुनी प्रवाशांची एक टोळी त्याच्या कचेरीपासून चारशे यार्डांवर, कंदेली गावात घरदार करून राहत होती. सागर आणि भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नरसिंहपूरपासून एका मुक्कामावर दाट आमराया होत्या. हिंदुस्थान आणि दख्खनमधल्या टोळ्या तिथे दरसाल उतरत, अनेक दिवस राहत, वाटसरूंना मारीत आणि तिथेच पुरीत. आमराया ज्यांच्या पूर्वजांनी लावल्या होत्या, त्या दोघा जमीनदारांनाही ते माहीत होते. जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्याला मात्र त्याचा मागमूस नव्हता. स्लीमनने ही गोष्ट लपवली नाही. आपल्या ग्रंथात त्याने ती स्वतःच लिहून ठेवली.

स्लीमनची ओळख ठगांचा निःपात करणारा इंग्रज अधिकारी अशी आहे. कथाकादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी ती इतकी पक्की केली, की रुमालाचा फास आणि देवीची पूजा यापलीकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याचे खरे शस्त्र मात्र दप्तर होते. एका जिल्ह्याला, एका संस्थानाला किंवा एका न्यायालयाला कधीच पूर्ण दिसू न शकणारा गुन्हा, सगळ्यांची माहिती एका जागी आणून मांडली की दिसू लागतो, हे त्याने दाखवून दिले. आज ज्याला गुन्हेविषयक गुप्तवार्ता म्हणतात त्या कामाची आपल्या देशातली मुळे त्याच्या जबलपूरच्या कचेरीत सापडतात. त्या कामात पुढे जे दोष शिरले, त्यांची मुळेही तिथेच आहेत.

त्याचा जन्म ८ ऑगस्ट १७८८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल परगण्यातल्या स्ट्रॅटन गावी झाला. वडील अबकारी खात्यात होते. १८०९ साली तो कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत दाखल झाला. १८१४ ते १८१६ च्या नेपाळ युद्धात तो लढला. दुसऱ्या मोहिमेत तापाची अशी साथ आली, की सुमारे सातशेंच्या त्याच्या पलटणीतले तीनशे शिपाई आजारी म्हणून घरी पाठवावे लागले. तो स्वतः जेमतेम वाचला. १८२० मध्ये लष्करी जागा सोडून तो मुलकी कारभारात आला आणि सागर व नर्मदा प्रदेशातल्या गव्हर्नर जनरलच्या एजंटाचा कनिष्ठ मदतनीस झाला. फारसी आणि हिंदुस्थानी भाषांवर त्याने प्रभुत्व मिळवले होते. पुढे त्याच्या हातून जे घडले त्यात या भाषाज्ञानाचा वाटा मोठा आहे.

ज्या प्रदेशात तो आला तो दोनच वर्षांपूर्वीपर्यंत मराठ्यांचा होता. सागर पेशव्यांच्या सत्तेखाली, तर जबलपूर आणि नरसिंहपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. १८१७-१८ च्या युद्धानंतर हा सारा मुलूख कंपनीच्या हाती पडला. लढाया संपल्या होत्या, पण फौजांमधून सुटलेले हजारो हत्यारबंद लोक बेकार झाले होते. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त नुकताच झाला होता. जुन्या महसुली आणि चौकीपहाऱ्याच्या व्यवस्था मोडल्या होत्या, नव्या बसायच्या होत्या. रस्ते मात्र पूर्वीइतकेच वाहते होते. दख्खनेतून काशी-प्रयागला जाणारे यात्रेकरू, गंगाजलाच्या कावडी वाहणारे ब्राह्मण, खानदेशातून माळव्याकडे सावकारांचा ऐवज नेणारे रोकडवाहक आणि रजेवर घरी निघालेले शिपाई याच वाटांनी जात.

या शिपायांच्या उदाहरणाने गुन्ह्याचे स्वरूप नीट कळते. कंपनीच्या फौजेतले बहुतेक शिपाई अवध आणि बिहारकडचे. वर्षभराची शिल्लक कमरेला बांधून ते पायी गावी निघत. वाटेत चारदोन सभ्य प्रवासी भेटत, गप्पा होत, सोबतीने मुक्काम पडे आणि पहाटे उठून सारे एकत्र वाटेला लागत. काही दिवस असे गेल्यावर निर्जन जागा पाहून म्होरक्या खुणेचा शब्द उच्चारी आणि क्षणात गळ्याभोवती फास आवळला जाई. खड्डे आधीच खणलेले असत. शिपाई परतला नाही म्हणजे पलटणीत तो पळून गेला अशी नोंद होई, आणि घरचे लोक समजत की तो चाकरीवर आहे. फिर्याद द्यायला कोणी उरत नसे. प्रेत सापडत नसे. मारणारे शेकडो कोस दूरचे, मरणारे शेकडो कोस दूरचे आणि जागा तिसऱ्याच कोणाच्या हद्दीतली. ज्या गावात टोळीवाले राहत तिथे ते शेतकरी म्हणून नांदत आणि गावात गुन्हा करीत नसत. चंबळ खोऱ्यात तर त्यांच्या घरांवर शिंद्यांच्या अंमलदारांनी घरटी कर बसवला होता. म्हणजे दरबारालाही ते ठाऊक होते. फक्त तो त्यांचा प्रश्न नव्हता.

स्लीमनच्या आधी कोणाला काहीच माहीत नव्हते असे मात्र नाही. १८१० च्या सुमारास इटाव्याचा दंडाधिकारी टॉमस पेरी याला विहिरींतून प्रेतामागून प्रेते सापडत होती. १८१२ मध्ये नथॅनियल हॅलहेडच्या हाताखाली सिंदौस परगण्यावर फौज गेली, एक इंग्रज अधिकारी मारला गेला, वस्त्या उठवल्या गेल्या आणि तिथले ठग बुंदेलखंड-माळव्यात पांगले. मद्रासच्या डॉ. रिचर्ड शेरवुडने १८१६ मध्ये दक्षिणेतल्या फासीगारांवर सविस्तर निबंध लिहिला. माहिती होती, पण ती तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या कपाटांत पडून होती. पेरीच्या कैद्यांतून काही निष्पन्न झाले नाही, कारण त्या वेळी कंपनीच्या फौजदारी न्यायालयांत मुसलमानी कायदा चाले आणि गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष त्यात पुरेशी मानली जात नसे. दुसरा साक्षीदार तर कोणी जिवंतच नसे.

नरसिंहपूरनंतर स्लीमन जबलपुरात आला. या गृहस्थाला सगळ्याच गोष्टींचे कुतूहल होते. १८२८ मध्ये शहरालगतच्या बडा सिमला टेकडीवर त्याला काही अश्मीभूत हाडे मिळाली. पुढे १८७७ मध्ये त्यांच्यावरूनच टायटॅनोसॉरस इंडिकस हे डायनासोराचे नाव ठेवले गेले. भारतात सर्वांत आधी सापडलेले डायनासोराचे अवशेष हेच मानले जातात. १८२९ च्या जूनमध्ये मॉरिशसहून आलेल्या एका फ्रेंच उमरावाच्या मुलीशी, अमेली हिच्याशी त्याचा विवाह झाला. छावण्यांच्या दौऱ्यात ती बहुधा बरोबर असे.

ठगांच्या कामाला वेग आला तो १८३० मध्ये. त्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या एका इंग्रजी नियतकालिकात निनावी पत्र प्रसिद्ध झाले. विंध्याचलच्या देवीच्या देवळाचा ठगांशी असलेला संबंध, त्यांचा देशभरचा पसारा आणि सरकारची उदासीनता हे त्याचे विषय होते. पत्र स्लीमनचेच होते, हे सरकारदरबारी लपून राहिले नाही. त्याने टीका सरकारवर केली होती, पण गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक याच्या सचिवालयाने ती मनावर घेतली आणि उपाय विचारले. सागरचा एजंट एफ. सी. स्मिथ आणि स्लीमन यांनी जी योजना पाठवली तिचा गाभा एकच होता : ठगांचा तपास हद्दींमध्ये वाटून टाकू नये, तो एकाच हाती असावा.

त्याच वर्षाच्या अखेरीस फिरंगिया नावाचा नामांकित म्होरक्या सापडला. स्लीमनने आधी त्याच्या कुटुंबाला ताब्यात घेतले होते. जीवदानाच्या बदल्यात फिरंगिया माफीचा साक्षीदार झाला. त्याने सांगितलेल्या गोष्टींवर विश्वास बसेना, तेव्हा त्याने सागरच्या वाटेवरच्या एका आमराईत प्रेते दाखवायची तयारी दर्शवली. स्लीमनचा तंबू नेमका त्याच राईत पडला होता. खणायला सुरुवात झाली आणि तीन ठिकाणांहून सांगाडे निघाले. कोण, कधी आणि कोणत्या क्रमाने मारले गेले ते फिरंगियाने आधीच सांगितले होते. आणखी जागा दाखवायलाही तो तयार होता, पण स्लीमनने तिथेच थांबायला सांगितले. त्याच तंबूत त्याची पत्नी उतरली होती.

इथून पुढे स्लीमनचे दप्तर आकाराला आले. त्याची कार्यपद्धती ऐकायला साधी वाटते. माफीच्या साक्षीदारांना एकमेकांपासून वेगळे ठेवायचे. प्रत्येकाकडून त्याच्या मोहिमा वर्षवार वदवून घ्यायच्या : निघालो कुठून, सोबत कोण, कोणत्या रस्त्याने, कोणत्या मुक्कामी किती माणसे मारली, फास कोणी टाकला, हातपाय कोणी धरले, पुरले कुठे, वाटणी किती झाली. मग हे जबाब एकाखाली एक ठेवून ताडून पाहायचे. दोघांनी वेगवेगळे सांगूनही जागा एकच निघाली, की शिपाई आणि कुदळ घेऊन तिकडे जायचे. सांगाडा निघाला तर ते वर्ष, तो रस्ता, ती टोळी नोंदवहीत पक्की होई. लुटीतली शाल, अंगठी किंवा हुंडी कोणाकडे सापडली तर मयताच्या नातलगांना वा सावकाराच्या गुमास्त्याला बोलावून ओळख पटवली जाई. शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याने पाठवलेले नाव इथल्या यादीत आधीच असे. फक्त गाव बदललेले असे, किंवा टोपणनाव.

टोळ्यांच्या वंशावळी त्याने लिहून काढल्या. कोण कोणाचा मुलगा, जावई, दत्तक, मेला की जिवंत, पकडला की फरार अशा नोंदींसह त्यांच्या नकला दूरदूरच्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. अवधमध्ये त्याचा मदतनीस कॅप्टन पेटन याने रस्त्यांचा नकाशा करवून त्यावर प्रेते पुरण्याच्या जागा मांडल्या; एकट्या अवधच्या राज्यात त्या अडीचशेहून अधिक भरल्या, म्हणजे दर काही मैलांवर एक. ठगांची आपसातली सांकेतिक बोली रामासी. तिचा शब्दसंग्रह आणि साक्षीदारांशी झालेली संभाषणे स्लीमनने १८३६ मध्ये ‘रामासीयाना’ या नावाने कलकत्त्यात छापली. पुस्तक विद्वानांसाठी लिहिलेले वाटते, पण त्याचा पहिला उपयोग चौक्यांवर होता : सराईमध्ये शेजारी बसलेले प्रवासी काय कुजबुजतात, ते पहारेकऱ्याला कळावे.

खटल्यांची अडचण प्रदेशाच्या कायदेशीर स्थितीमुळे सुटली. सागर आणि नर्मदा प्रदेश नेहमीच्या नियमावलीच्या बाहेर होता. तिथे एजंट खटला चालवी आणि शिक्षेला मान्यता थेट गव्हर्नर जनरलकडून येई. संस्थानी मुलखातल्या खुनांचे आरोपीही तिथे आणता येत. १८२६ ते १८३५ या दशकात पंधराशेहून अधिक कैद्यांवर खटले झाले. त्यांतल्या सुमारे चौदाशे जणांना फाशी, काळे पाणी किंवा जन्मठेप झाली. फाशी गेलेल्यांची संख्या तीनशेहून अधिक आहे. निर्दोष सुटलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी फारच थोडे होते.

हा आकडा वाचताना थांबायला हवे. पुराव्याचा कणा माफीच्या साक्षीदारांचे जबाब हाच होता. जबाब देणाऱ्याचा जीव त्याच्या जबाबावर अवलंबून होता. जितकी नावे तो देईल तितका तो उपयोगी, आणि उपयोगी असेपर्यंत तो सुरक्षित. जुने वैर फेडायला याहून सोपी जागा कुठली? हा आक्षेप आजच्या इतिहासकारांनी काढलेला नाही, तो त्याच काळचा आहे. ग्वाल्हेरच्या रेसिडेंटाने स्लीमनच्या पद्धतीवर नापसंती कळवली होती : जबलपूरची माणसे साक्षीदारांना बरोबर घेऊन परमुलखात शिरतात, बोट दाखवतील त्याला उचलतात आणि त्या माणसाला आपले म्हणणे मांडायला साक्षीदारही आणता येत नाहीत. सरकारने स्लीमनची बाजू घेतली. स्लीमनचे उत्तर असे, की साक्षीदार वेगवेगळे ठेवले जातात, जबाब एकमेकांशी ताडले जातात आणि खोटे सांगणाऱ्याची माफी जाते. या उत्तरात तथ्य आहे. तरी ते पुरेसे नाही, कारण ताडणी करणारा, पकडणारा आणि खटला उभा करणारा असे सगळे एकाच कचेरीत बसले होते.

१८३५ मध्ये स्लीमन ठगी निर्मूलनाचा जनरल सुपरिंटेंडेंट झाला. मुख्य कचेरी जबलपूर. काम हैदराबाद, म्हैसूर, राजपुताना, बिहार असे पसरत गेले. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही १८३९ ची गाजलेली कादंबरी लिहिणारा फिलिप मेडोज टेलर त्या काळी निजामाच्या चाकरीत होता. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूर भागात पोलिसांचे काम करताना त्याने या टोळ्यांविषयी ऐकले होते. आपण वेळीच खोलात गेलो असतो तर अनेक जीव वाचले असते, अशी खंत त्याने पुढे व्यक्त केली. नरसिंहपुरात स्लीमनच्या बाबतीत जे घडले तेच तुळजापुरात टेलरच्या बाबतीत घडले होते. एकट्या जिल्ह्यातून हा गुन्हा दिसतच नसे.

१८३६ चा ३० वा कायदा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत दूरगामी भाग म्हणावा लागेल. कायदा लागू होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या मुलखात किंवा बाहेर, केव्हाही ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध झाले तर त्या माणसाला सक्तमजुरीसह जन्मठेप, अशी त्याची तरतूद होती. अमुक खून अमक्याने केला हे दाखवण्याची गरज उरली नाही. मुसलमानी कायद्याच्या जाणकाराचा फतवाही लागणार नव्हता. पुढच्याच वर्षी शिक्षा झालेल्या गुन्हेगाराची साक्ष अग्राह्य ठरवण्याचा नियमही रद्द झाला. आणि ठग म्हणजे कोण? याची व्याख्या कायद्यात नव्हती. ती जबलपूरच्या दप्तरात होती. टोळीचे सभासदत्व हाच गुन्हा, हे तत्त्व संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आधुनिक कायद्यांत ओळखीचे झाले आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या मोक्का कायद्यातही संघटित गुन्हेगारी टोळीचा सदस्य असणे शिक्षापात्र आहे. फरक इतका, की आता टोळी म्हणजे काय आणि ती कशी सिद्ध करायची हे कायद्याला सांगावे लागते.

माफीच्या साक्षीदारांना स्वातंत्र्य कधीच मिळाले नाही. फाशी टळली, पण आयुष्य जबलपुरात पहाऱ्याखाली गेले. शिक्षा झालेल्या ठगांपैकी अनेकांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवला गेला. जे वहीत होते ते चामडीवरही आले. १८३० च्या दशकाच्या अखेरीस साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी उद्योगशाळा उघडली गेली. तिथे तंबू आणि सतरंज्या-गालिचे विणले जात आणि त्यांना चांगली मागणी असे. मुलांनी बापाच्या वाटेने जाऊ नये हा हेतू होता. हेतू चांगला, पण त्यामागे ठगाचा मुलगा ठगच होणार हे गृहीत होते.

हे गृहीतक स्लीमनच्या लिखाणात जागोजागी आहे. देवीच्या आज्ञेने चालणारा, बापाकडून मुलाकडे येणारा, देशभर पसरलेला एकच पंथ असे चित्र त्याने रंगवले. त्याच्याच कागदांतून मात्र वेगळेही दिसते. टोळ्यांत ब्राह्मण होते, राजपूत होते, मुसलमान होते, विणकर आणि शेतकरी होते. कोणी पिढीजात, कोणी कर्जापायी, कोणी फौजेतून सुटल्यावर त्यात शिरलेले. शकुन पाहणे, नवस बोलणे हे त्या काळचा वाटसरूही करी. त्याच्या नातवाने १९३३ मध्ये पुस्तक लिहून बळींचा आकडा दहा लाखांवर नेला. त्याला आधार नाही. गेल्या काही दशकांत हिरालाल गुप्त, राधिका सिंघा, किम वॅग्नर यांसारख्या अभ्यासकांनी हा विषय पुन्हा तपासला आहे. काहींच्या मते ठग ही कल्पना बऱ्याच अंशी कंपनी सरकारची निर्मिती, तर काहींच्या मते गुन्हा खरा पण त्याचे वर्णन फुगवलेले. जमिनीतून निघालेले सांगाडे पाहता दुसरे मत अधिक पटते.

१८३९ मध्ये ठगीबरोबर दरोड्यांचे कामही स्लीमनच्या खात्याकडे आले आणि तो ठगी व डाकेती निर्मूलनाचा कमिशनर झाला. १८४३ ते १८४९ तो ग्वाल्हेरच्या दरबारी होता. १८४३ च्या डिसेंबरात झालेल्या महाराजपूरच्या लढाईच्या वेळी तो सपत्नीक फौजेबरोबर होता. १८४९ मध्ये लखनौच्या रेसिडेंटपदी त्याची नेमणूक झाली. १८४९-५० च्या हिवाळ्यात त्याने सारे अवध फिरून गावोगावची गाऱ्हाणी टिपून घेतली. नबाबाच्या कारभारावर त्याने कठोर टीका केली, पण राज्य खालसा करू नये, तसे केल्यास देशी शिपायांचा विश्वास उडेल असे त्याचे मत होते. त्याच्या अहवालांतली टीका कलकत्त्याला उपयोगी पडली, सल्ला पडला नाही. आयुष्यभर माहिती गोळा करणाऱ्या या माणसाला आपल्या माहितीचा वापर आपल्या हातात नसतो, हे अखेरीस पाहावे लागले.

प्रकृती ढासळल्यामुळे तो इंग्लंडला निघाला. १० फेब्रुवारी १८५६ रोजी सिलोनजवळ मोनार्क जहाजावर त्याचे निधन झाले आणि दफनही समुद्रातच झाले. चारच दिवसांपूर्वी त्याला सर ही पदवी जाहीर झाली होती. त्याच आठवड्यात अवध खालसा झाले. त्याचे अवधच्या प्रवासाचे पुस्तक १८५८ मध्ये निघाले, तोवर त्याने सांगितलेली भीती खरी ठरून गेली होती. मध्य प्रदेशात कटनी आणि जबलपूर यांच्या दरम्यान स्लीमनाबाद नावाचे गाव आहे. मुंबईहून प्रयागराजकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्या स्थानकावरून पुढे जातात.

खाते त्याच्यामागे जवळपास अर्धशतक टिकले. इंग्रजी मुलखातले दरोडे प्रांतिक पोलिसांकडे गेल्यावर ते मुख्यतः संस्थानांत काम करू लागले. त्याच्या वंशावळींनी दुसरीकडे रूप घेतले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून संशयित ठरवण्याची रीत संपूर्ण जमातींना लागू केली. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. सोलापूरची सेटलमेंट हा शब्द महाराष्ट्रातल्या विमुक्त जमातींच्या आठवणीत अजून ताजा आहे. हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. आंब्याच्या राईतला सांगाडा खणून खातरजमा करणारी पद्धत आणि जन्मालाच पुरावा मानणारी पद्धत एकाच कपाटातून निघाल्या; कोणती कधी वापरायची हे कपाट सांगत नाही.

१८८७ मध्ये राजकीय माहितीसाठी एक केंद्रीय विशेष शाखा याच खात्याला जोडली गेली. अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाच्या शिफारशींनंतर, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०४ साली ठगी व डाकेती खाते बंद झाले आणि त्याच्या जागी केंद्रीय गुन्हे गुप्तवार्ता विभाग उभा राहिला. हॅरोल्ड स्टुअर्ट त्याचे पहिले संचालक. प्रांतांच्या सीमा ओलांडणाऱ्या दरोडेखोर टोळ्या, खोटी नाणी, मोठे कट यांची माहिती एकत्र करून प्रांतांना पुरवायची आणि तपास प्रांतांनीच करायचा, ही त्याची मूळ कल्पना. माहिती जमवणारा आणि अटक करणारा वेगळा असावा, हा जबलपुरात न पाळलेला भेद इथे निदान कागदावर आला. पण पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि विभागाची नजर टोळ्यांपेक्षा क्रांतिकारकांवर अधिक खिळली. आजचे इंटेलिजन्स ब्यूरो याच वंशातले आहे.

ठग शब्दाची कायदेशीर व्याख्या अखेर १८६० च्या भारतीय दंडसंहितेत आली. खून करून किंवा खुनासह जबरी चोरी वा मुले पळवणे यासाठी सराईतपणे इतरांच्या संगतीत असणारा तो ठग, असे कलम ३१० सांगत असे आणि कलम ३११ त्याला जन्मठेप देत असे. खरे ठग इतिहासजमा झाल्यावरही ही कलमे दीडशेहून अधिक वर्षे तशीच राहिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती नाहीत. संघटित गुन्हेगारीसाठी तिच्यात १११ क्रमांकाचे नवे कलम आहे, आणि ३१० हा क्रमांक आता दरोड्याच्या कलमाला मिळाला आहे.